त्लालीची आई

४ मे १९११, हा-फेको

पोचले, आणि एकही उपकरण फुटलं नाही. हे आधी लिहिते, कारण वाटभर मला दुसरी कसली काळजी नव्हती. दोन्ही तापमापक, पाऊस मोजायचं भांडं, खडूची पेटी आणि पृथ्वीचा गोल, सगळं खेचराच्या पाठीवर गवतात गुंडाळून आलं. खिंडीच्या माथ्यावर उतरून मी पारा पाहिला. खालच्या मिशनपेक्षा बराच उतरलेला. वाटाड्या हसला. म्हणाला, बाई, थंडी आहे हे कळायला तुम्हाला काच लागते होय? मी म्हटलं, आहे हे कळायला नाही, किती आहे ते कळायला. तो खेचराला हाकत उताराला लागला.

गाव सुरेख आहे. डोंगराच्या पोटाशी दगडी गोल घरं, खळ्यांवर लाल ज्वारीचे ढीग, धुराला गोवऱ्यांचा वास. गावप्रमुख फेको, ज्यांच्या नावावरून हे गाव हा-फेको, स्वतः वेशीपर्यंत चालत आले. त्यांनी माझं नाव विचारलं, मग वडिलांचं, मग आजोबांचं. वडील मिशनचे गवंडी होते आणि आता नाहीत, हे सांगितल्यावर म्हणाले, मग तुला दगडाची पारख असणार. तुझं घर बघ आणि खरं काय ते सांग.

पाहिलं. दगड नीट घडवलेले आहेत, दार पूर्वेला, भिंत ओळंब्यात. बाहेरून ओल्या मातीत बोटांनी काढलेली नक्षी अजून ताजी आहे. या घरात आजवर कुणी राहिलेलं नाही. दिवसा इथेच शाळा भरेल, इतर वेळी घर माझं. बांधणारा चांगला होता, असं मी म्हटलं. फेको म्हणाले, होता खरा.

इथे फक्त एक हिवाळा काढायचा आहे; पृथ्वीच्या गोलावर आम्ही विषुववृत्ताच्या खाली, म्हणून आमचा हिवाळा मे ते ऑगस्ट. सप्टेंबरात मिशनच्या अध्यापन विद्यालयात सहायक शिक्षिकेची जागा मला मिळेल: निसर्ग-अभ्यास आणि हवामानाच्या नोंदी. तिथे माझी स्वतःची खोली असेल आणि दारावर माझं नाव, केनेवे मोखेले. खेडेगावचा अनुभव लागतो असं काका म्हणाले, आणि ही शाळाही त्यांनीच शोधली. निघताना ते फार खुशीत होते. त्यांच्या गोठ्यात नवी गुरं दिसली, उजवा कान टोकाशी चिरलेला आणि खाली एक वाटोळा छेद. कुणाची तरी सांभाळायला घेतली आहेत म्हणाले. गुरं अशी दुसऱ्याकडे ठेवतातच सगळे. मी पुढे विचारलं नाही.

९ मे

शाळा सुरू झाली. मुलं हुशार आहेत, मुली जास्त. मुलगे थंडीत गुरांमागे असतात, म्हणून वर्गात थोडे.

फेकोंच्या घरात दोघीजणी आहेत. फेकोंची बायको मा-मोहापी: थोरल्या मुलाचं नाव मोहापी, म्हणून. बुटकी, शांत, हात सतत कामात. धाकट्या मुलाची बायको मा-लेबोना. तिचा लेबोना माझ्या वर्गात आहे आणि तोंडाने आईवर गेला आहे. मोहापी कुठे असतो, मी विचारलं. बरीच वर्षं हिऱ्यांच्या खाणीवर होता, मा-लेबोना म्हणाली. मग आता? असतो की इथेच, म्हणाली, आणि चूल फुंकायला लागली.

पहिल्या दिवशी मला कुणी जेवायला वाढलं नाही, दूधसुद्धा दिलं नाही. मी बरोबर आणलेली भाकरी खाल्ली आणि गावाबद्दल मत वाईट करून घेतलं. दुसऱ्या दिवशी फेकोंनी माझ्यासाठी मेंढा कापला. सगळ्यांसमोर मला पहिला तुकडा दिला. खाल्ला तेव्हा बायकांनी जिभा हलवून असा काही कल्लोळ केला की माझ्या हातातलं मांस पडता पडता राहिलं. मा-लेबोना कानाशी येऊन म्हणाली, खाल्लंत ना? मग आता तुम्ही थोरल्या, आणि आम्ही मुकाट्याने तुमचं ऐकायचं. आधी सांगा, मला भांडायची परवानगी आहे का? मी म्हटलं, शाळेच्या वेळेबाहेर आहे. ती पोट धरून हसली.

शिक्षिकेला इतका मान मिळतो हे मला खाली कुणी सांगितलं नव्हतं.

१९ मे

थंड पावसात भिजले. मा-मोहापीने माझे कपडे आणि कांबळं धुवायला नेलं आणि बदल्यात नवा पोशाख दिला: जाड निळा झगा, डोक्याला फडकं, नवं कोरं कांबळं. सगळं अंगाला बरोबर बसलं. कधी शिवलंत असं विचारलं, तर म्हणाली, तुझ्या काकाने माप पाठवलं होतं. काका इतका विचार करतात हे नवल.

माझे जुने कपडे अजून वाळलेले नाहीत म्हणे.

आज तिने सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे मला मा-त्लाली म्हणायचं. त्लालीची आई. मी म्हटलं, मला मूल नाही आणि माझं लग्नही झालेलं नाही. ती म्हणाली, नाव आधी येतं, पोरी, मूल मागून. मिशनमध्ये साहेबांच्या मडमेलाही लोक अशीच हाक मारतात, तेव्हा वाद घातला नाही. वर्गात मात्र फळ्यावर माझं नाव लिहिलं आणि मुलांकडून वाचून घेतलं. त्यांनी वाचलं. मग खाली बसून एकमेकांकडे पाहिलं.

३१ मे

पहिला बर्फ. खिंड पांढरी झाली. आता ऑगस्ट सरेपर्यंत कुणी येत-जात नाही. हे मला ठाऊक होतं, तरी पाहिल्यावर थोडा वेळ उभी राहिले.

दोन गोष्टी नोंदवते.

फेको माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी दिसले की वाट बदलतात. काल शाळेसाठी गोवऱ्या हव्या होत्या, तर मी त्यांच्यासमोर उभी असताना त्यांनी बायकोला सांगितलं, तिला सांग, मिळतील. माझ्या हातून काही चुकलं का, असं मा-लेबोनाला विचारलं. ती म्हणाली, अहो, तो मान आहे. माझ्याशी तर लग्नापासून बोललेले नाहीत, आणि मला त्याचं सुख आहे.

दुसरी: मा-मोहापी संध्याकाळी आंबिलीचे दोन वाडगे आणून ठेवते. मी एक पिते. दुसरा सकाळी रिकामा असतो. उंदीर असावेत. पण उंदीर वाडगा पुसून पालथा घालत नाहीत.

५ जून

घरातला तापमापक चटईच्या डाव्या अंगाला टांगला होता. तो चुकीचा आकडा दाखवतो असं वाटलं, म्हणून उजवीकडे टांगला. पारा चढला. दुसरा आणून डावीकडे लावला. उतरला. म्हणजे दोष काचेत नाही, जागेत आहे.

भिंतीत फट असेल म्हणून पीस धरून सगळी भिंत तपासली. पीस हललं नाही. वडिलांनी शिकवलेली रीत आहे, ती चुकत नाही.

८ जून

शाळा सुटल्यावर खडू घेतला. पारा जिथे एकदम उतरतो तिथे जमिनीवर खूण, असं करत चटईच्या डाव्या बाजूची सगळी जमीन पालथी घातली. लख्ख ऊन होतं, दार उघडं होतं. सारवलेल्या जमिनीवर खडू छान उठतो. मग खुणा जोडल्या आणि उभी राहून पाहिलं.

कुशीवर निजलेला माणूस. तोंड माझ्या चटईकडे.

पायाने पुसून टाकलं. हे मी शास्त्राला धरून केलं नाही. आधी कागदावर उतरवून घ्यायला हवं होतं.

११ जून

बर्फामुळे गुरं घराजवळच्या दगडी कुंपणात आणली आहेत. वर्गाला घेऊन गुरं पाहायला गेले: निसर्ग-अभ्यास. मुलांना गाईचे कान दाखवत होते. उजवा कान टोकाशी चिरलेला. खाली वाटोळा छेद.

सगळ्या गुरांचा.

मुलांना घरी पाठवलं आणि मा-लेबोनाला गाठलं. ती ज्वारी दळत होती. काकांना गुरं का दिली, असं विचारलं. आधी तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग दळण थांबवलं. जाऊबाई, म्हणाली, तुम्हाला खरंच कुणी सांगितलं नाही?

तिने सांगितलं ते असं. मोहापी गेल्या हिवाळ्यात खाणीवरून पायी परत येत होता. हे घर त्याने आधीच्या सुट्टीत बांधलं होतं, बायकोसाठी. खिंडीत बर्फाने गाठलं. सापडला तेव्हा कुशीवर निजलेला होता. कुंपणात पुरला आहे, गुरांच्या पायांखाली, थोरल्या मुलाला पुरतात तसा. थोरल्याचं घर रिकामं ठेवता येत नाही. म्हणून थडग्यासाठी नवरी आणली. गुरं गेली, मेंढा कापला, नवरीने तो खाल्ला, कपडे घेतले, नाव घेतलं. अहो, तुम्ही तर हसत हसत सगळं केलंत, ती म्हणाली. मला वाटलं, शिकलेली बाई, धीट आहे.

माझे आजी-आजोबा बाप्तिस्मा घेतलेले. मिशनने गुरं देऊन होणारी लग्नं बंद केली. आमच्याकडे नवरी पांढरा झगा घालून देवळात जाते. मेंढ्याचा अर्थ मला कुणी शिकवला नाही. काकांना ठाऊक होता.

१२ जून

मा-मोहापीला स्पष्ट सांगितलं. हे लग्न मला मान्य नाही. वर्ग चालवीन, बर्फ वितळला की जाईन, काका गुरं परत करतील. आणि मूल हवं म्हणून कुणा दिराला माझ्या दारात पाठवलंत, तर चुलीतली सळई तयार आहे.

ती रागावली नाही. गोंधळली. कुठला दीर, पोरी, म्हणाली. लेबोनाच्या बापाला त्याचं घर आहे, आणि त्याची बायको सळईची वाट बघणार नाही. माझा मोहापी कधी दुसऱ्याच्या भरवशावर राहिला नाही. तो त्याचं तो बघतो.

मग माझ्या खांद्यावरचं कांबळं नीट केलं. म्हणाली, वर्षभर दाराबाहेर उभा होता गं. ज्या घरात बाई नाही त्यात त्याला शिरता येईना. तू आलीस म्हणून आत आला.

१४ जून

दाराला कडी नाही. पहारा नाही. कुणी अडवत नाही. मी उद्या जाणार.

१५ जून

सगळं क्रमाने लिहिते.

रोज दारापाशी येऊन उभं राहतं ते पिवळट तट्टू घेतलं. सकाळ स्वच्छ होती. मा-लेबोनाने शिदोरी दिली, आणि ती रडत होती. माथ्याच्या अलीकडे धुकं उतरलं. वाटेच्या कडेला दगडांची रास आहे, जाणारा-येणारा तिच्यावर एक दगड टाकतो. तट्टू तिथे थांबलं. मारलं, ओढलं. वळलं आणि गेलं. तट्टू कुणाचं होतं, हे मी विचारलं नव्हतं.

चालत निघाले. मग नव्या बर्फात पावलं दिसली, एका माणसाची, पुढे गेलेली. बरं वाटलं: कुणीतरी मिशनकडे उतरतं आहे. पावलांवर पाऊल ठेवत गेले. वाट उताराची होती. खूप वेळ उताराची होती. धुकं विरलं तेव्हा समोर मातीवर बोटांनी काढलेली नक्षी होती.

माझंच दार. पावलं उंबऱ्यापर्यंत. आत ओला ठसाही नव्हता.

पावलं अनवाणी होती. हे मला दारात उभी राहिल्यावर दिसलं. आधी का दिसलं नाही? मी असल्या गोष्टी पाहते.

आंबील दोघांची वाढलेली होती. गरम.

२३ जून

चटई उजव्या भिंतीला लावली. खडूने पुन्हा पाहिलं. तो मधल्या जागेत आहे. आता कुशीवर नाही. हात पुढे केलेला.

उजवीकडे आता भिंत आहे.

मा-लेबोनाकडे निजायला मागितलं. ती घाबरली. जाऊबाई, म्हणाली, तुम्ही आलात की तोही येईल, आणि माझी पोरं लहान आहेत.

३ जुलै

वर्गात मुलं एक जागा मोकळी सोडून बसतात. कुणासाठी, विचारलं. लेबोना म्हणाला, त्लालीसाठी; मोठा झाला की बसेल ना, काकू?

शिक्षा केली नाही. फळ्यावर नाव लिहिलं: केनेवे मोखेले. वाचून घेतलं. पुन्हा वाचून घेतलं. आवाज बसेपर्यंत.

१२ जुलै

गारठा मधल्या जागेत नाही. सगळं घर तपासलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, दारात नाही. सगळीकडे पारा सारखा. आनंद झाला. गेला असं वाटलं —

मग तापमापक काखेत धरला.

बाहेर सावलीच्या पेटीत टांगलेला दुसरा तापमापक वाचला. मग हा. आकडा एकच.

पुन्हा धरला. एकच.

१३ जुलै

मुलं धावत आली की तोंडातून वाफ निघते. तट्टूच्या निघते. मा-मोहापीच्या निघते.

काचेच्या तुकड्यावर श्वास सोडला. काच स्वच्छ राहिली.

२० जुलै

सकाळी ओकारी. मा-मोहापीने पाहिलं. बाहेर जाऊन बायकांना — तो जिभांचा कल्लोळ —

नाही. असं होत नाही. याला कारण असतं. आंबील शिळी असेल.

२८ जुलै

आज फळ्यावर तारीख लिहिली आणि खाली सही. मुलांनी वाचली. मी पुसायला वळले तर मा-त्लाली लिहिलेलं होतं. अक्षर माझं.

पुसलं. दुसरं लिहायला खडू उचलला. थोडा वेळ लागला.

६ ऑगस्ट

हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते, इथेही लिहिते. तू केनेवे. बाप गवंडी. सप्टेंबरात तुझी खोली, दारावर नाव. कुणीही या नावाने हाक मारली तर ओ दे. काही झालं तरी ओ दे —

पोटात हलतं. इतक्यात हलायला नको. गार आहे. माशासारखं —

१७ ऑगस्ट

चूल पेटवू नये असं मा-मोहापी सांगते. ह्यांना धग सोसत नाही.

वाचलं. मी "ह्यांना" लिहिलं आहे. खोडत नाही. खोडायचं होतं —

२५ ऑगस्ट

तापमापक फुटला. पारा जमिनीवर थेंबाथेंबाने. सुंदर. त्लाली मोठा झाला की दाखवीन.

कुणाचा होता तो —

२ सप्टेंबर

खिंड मोकळी. दोन स्वार आले. एक मिशनचा साहेब. दुसरा म्हातारा, अंगावर चांगलं कांबळं, नजर खाली. मामंजी त्यांच्याबरोबर आहेत, म्हणून मला बाहेर जाता येत नाही.

ते कुणा केनेवेबाईंना शोधताहेत. सासूबाई सांगताहेत, ती तर पहिल्या बर्फातच निघून गेली. ही आमची सून, आजारी आहे, दोन जिवांची आहे.

साहेब ऐकत नाही. मोठ्याने हाका मारतो. केनेवे. केनेवे.

नाव ओळखीचं आहे. खडू तिचे होते. काचा तिच्या. मला काहीतरी सांगून गेली होती — कुणी हाक मारली तर —

पहिलं पान. हो.

ओ द्यायला हवी. ह्यांचा हात पोटावर आहे. हे म्हणतात, बसून राहा, जातील. ओ दिली मी. दिली. आवाज — वाफ नाही, आवाज नाही — पुन्हा देते —

पावलं दारापाशी आली. बुटांची आहेत. थांबली. ह्यांनी तोंडावर —

मी के